सोडलेले शब्द

“कॅट! कॅट! द कॅट इज ड्रिंकिंग मिल्क!” शकुबाई ओरडली आणि लाटणं घेऊन मांजरामागे धावली.

मांजर पळालं. कुंदन हसून हसून ताटावर वाकला. “आई, दूध गेलं, पण नेम नाय मोडला!”

नेम तसा रूपालीचा, तिच्या सुनेचा. रूपाली बाहेरून बी.ए. करत होती. उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा खाली मान घालून म्हणाली, “आई, इंग्रजी राहिलं. तोंडी परीक्षेला शब्दच आठवत नाहीत.” शाळेत शिकवायचं तिच्या फार मनात होतं, ते इंग्रजीवर अडलं. शकुबाईने तिथल्या तिथे देवापुढे गोड सोडलं, सून पास होईपर्यंत. संध्याकाळी कुंदन ओझरच्या कारखान्यातून पेढे घेऊन आला, मित्राला मुलगा झाला म्हणून. शकुबाईने हात लावला नाही. त्याच आठवड्यात रेशन कार्डाला लागतो म्हणून त्याने तिचा फोटो काढवला, कागदावर सही घेतली.

चातुर्मास लागला तशी रूपाली म्हणाली, “लोक वांगं सोडतात, मी रोज एक मराठी शब्द सोडते. कार्तिकीपर्यंत त्या वस्तूला इंग्रजीतूनच हाक. पण एकटीने टिकायचं नाही. तुम्ही जोडीला राहाल?”

शकुबाईची शाळा चौथीत सुटली होती. नेम मात्र तिने जन्मात कधी सोडला नव्हता. रोज दिवा लावताना एकेक शब्द सुटू लागला. पाणी गेलं, मीठ गेलं, झेंडू गेला. इंदिरानगरच्या कोपऱ्यावर टोपली मांडून ती गिऱ्हाइकाला सांगायची, “मेरीगोल्ड घ्या ताई, लय ताजा हाय.”

रूपाली मात्र सारखी चुकायची.

“आई, मीठ कुठंय?”

“सॉल्ट! अगं, परीक्षा तुझी हाय का माझी?”

रूपाली जीभ चावायची.

पुढे नुसत्या शब्दांवर भागेना. सुनेची जीभ वळावी म्हणून शकुबाई माळा ओवता ओवता तिला विचारायची, “व्हेअर इज द नीडल?” सून अडली की स्वतःच सांगायची, “इट इज इन माय हँड, बाई! दिसत नाय?”

“एक पेढा खा की आई, देव नाही रागवायचा,” रूपाली अधूनमधून म्हणायची.

“पास हो, मग तूच भरव.”

परीक्षेच्या दिवशी रूपाली म्हणाली, “तुम्ही चला. समोर असलात की धीर येतो.” हट्टाने तिने सासूला ठेवणीतलं लुगडं नेसवलं.

केंद्राच्या व्हरांड्यात नोकरदार माणसं होती, पिकल्या केसांच्या बायका होत्या. सगळेच बाकांवर काही ना काही पुटपुटत होते. शकुबाईने मनात कुलदैवताला हात जोडले, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

“भिऊ नको पोरी. सगळं येतंय तुला.”

दार उघडलं. आतल्या बाईंनी नाव पुकारलं, “शकुबाई जेजुरकर!”

“अगं बाई, तुझ्याऐवजी माझंच नाव घेतलं त्यांनी. जा, सांग त्यांना!”

रूपालीने पिशवीतून डबी काढली आणि पेढा सासूच्या तोंडात भरवला.

“मी उन्हाळ्यातच पास झाले, आई. त्या फोटो-सहीवर शाळा सुटलेल्यांच्या वर्गाला तुमचं नाव घातलं. जा आत. परीक्षा तुमची आहे.”