कावळा शिवेना

"पुस्तक खोटं हाय म्हण, भाऊ! त्याबिगर बाबा हलायचा नाय!" नाथा गंगाघाटावर सगळ्या भावकीसमोर खेकसला.

बापाच्या दहाव्याचा पिंड उन्हात वाळत पडला होता. समोरच्या भिंतीवर कावळे बसले होते, पण शिवायला एकही येत नव्हता. कावळा शिवेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही म्हणून म्हातारी आई, भिमाबाई, सकाळपासून निरंकार बसली होती. ओठ सुकले होते, मान लटपटत होती.

येणार कसा मेला कावळा? नाथाच पिटाळून लावत होता. एखादा खाली उतरला रे उतरला, की हा पिंडाशेजारी टॉवेल झटकायचा आणि घाम पुसल्याचं सोंग करायचा. आज थोरल्याची जिरवायचीच होती!

थोरला खंडेराव कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. देव आणि मन या दोन गोष्टींपायी त्यानं उभी हयात डोकं शिणवलं आणि पुस्तकात लिहिलं, माणूस मेला की त्याचं मनही संपतं, मागं कुणी उरत नाही. गावानं बापाच्या तोंडात शेण घातलं. बाप गेला तेव्हा अग्नी द्यायलाही हा पुढं झाला नाही. डोकं भादरलं ते धाकट्यानं. झेंडूचे वाफे खुरपून हात फुटले नाथाचे, आणि चारचौघांत नाव कुणाचं? परफेसरचं! नाथाला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

"तिथं कुणी नाही, नाथा," खंडेराव म्हणाला. "नसलेल्याची माफी कशी मागू?"

"मग मरू दे आईला तहानेनं!"

खंडेरावानं आईकडं पाहिलं. ती कलंडायला आली होती. तो उठला, पिंडापुढं हात जोडले. "बाबा, माझं पुस्तक खोटं आहे. मी हरलो."

भावकीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. नाथानं टॉवेल खांद्यावर टाकला. लगेच एक कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

"बघा! व्हता का नाय बाबा?" नाथा छाती काढून गरजला.

भिमाबाईनं पुढं आलेला तांब्या हातानं बाजूला सारला. ती नाथाकडंच बघत होती.

"तुझा टॉवेल थांबला आन् कावळा आला. आत्ता कळलं मला. मेल्या, थोरल्याच्या लेखी तिथं कुणीच नव्हतं. तुझ्या लेखी तर बाप व्हता ना? मग त्याला उपाशी ठेवायला तुझा हात कसा रे धजला?"