पहारा टोचलेली सून

शर्वरीचा गर्भ याही खेपेला पडला, तेव्हा सासूबाई डॉक्टरांसमोरच म्हणाल्या, "हिच्यातच खोट आहे."

डॉक्टरांनी विचारलं, "हिने 'पहारा' लस घेतलीय का?"

"अहो, ती टोचलेलीच सून हवी, ही तर आमची अट होती. साखरपुड्याआधी मी स्वतः समोर उभी राहून टोचायला लावली. तेव्हापासून हिला साधी सर्दी नाही."

"नसणारच. परकं जनुक दिसलं की हिच्या पेशी त्याला जिवंत सोडत नाहीत. आणि ही लस आता उतरवता येत नाही."

"पण बाळ कुठे परकं होतं?" सासूबाईंचा आवाज चढला.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या शर्वरीने मान वळवली.

"अर्धं होतं, आई," ती म्हणाली. "तुमच्या मुलाचं होतं तेवढं."