कोरी प्लेट

दाराच्या कडीवरून फिरवलेला बोळा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मृणालने झटपट तपासणीच्या प्लेटवर टेकवला. मिनिटभरात साथीच्या जंतूंचे गुलाबी ठिपके उमटले. सकाळपासूनचं हे पाचवं घर.

"आजारी माणूस कुठं लपवलाय?"

"कुणी नाही हो, डॉक्टर," हौसाबाई म्हणाल्या. "मी आणि ही नात. हवं तर माळा बघा."

आधीचे चौघंही हेच म्हणाले होते. सगळे एकजात खोटारडे! मृणालने त्यांच्या घरांना सील ठोकलं होतं.

नियमाप्रमाणे एक बोळा कशालाही न लावता तपासायचा असतो. ती प्लेट कोरीच राहते. चारही घरी तिने घाईत ते टाळलं होतं. आता केलं.

ठिपके उमटले.

"या बोळ्याला तर फक्त माझाच हात लागलाय!" मृणाल म्हणाली.

हौसाबाईंनी नातीला मागं ओढलं. "डॉक्टर, मघाशी हिची जीभ तुम्हीच बोटाने दाबून बघितलीत ना?"