भरल्या ट्रेलरचं माप

“रिकाम्या गाडीवर माप नको घेऊ गा, धम्मा. भरली की गाडी बसते अन् फ्लॅप रस्त्याले घासते.”

रामाजी उस्ताद जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी रबर हातात घेतलं की धम्मानंदला हे वाक्य ऐकू यायचंच. म्हणून त्यानं आधी तेच विचारलं.

“काकू, ट्रेलर भरलेला आहे का?”

“आहे. घ्या माप,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

जीपमागं ओढायचा, राहायचा ट्रेलर होता तो. दोन्ही बाजूंना पडदे लावलेल्या खिडक्या, मागं दार. दाराला कुलूप नव्हतं, आंब्याच्या पानांचं तोरण होतं. बाईंच्या नवऱ्यानं निवृत्तीनंतर हौसेनं बांधून घेतला होता. ते गेले आणि ट्रेलर प्रतापनगरच्या अंगणात उभा राहिला. आज बाई स्वतः जीप चालवत कोराडी रोडवरच्या, चाकांमागं रबरी मडफ्लॅप बसवायच्या धम्मानंदच्या दुकानापर्यंत आल्या होत्या.

“मडफ्लॅप आताच काहून आठवले?”

“सकाळी शिपायानं अडवलं. मागच्यांवर चिखल उडतो म्हणाला. पुढच्या नाक्यावर अडवतील, उघडूनही बघतील म्हणाला.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “भाऊ, अर्ध्या तासात होईल ना? एका बाईंना शब्द दिलाय. आज पाळला नाही तर पुन्हा जमायचं नाही.”

“होते ना. च्या मागवू?”

“नको. श्रावणी सोमवार आहे, निर्जळी उपास.”

धम्मानंद दाराला पाठ टेकून खाली बसला. मग तोरण पाहून दचकला. “काकू, माहा हात लागला तर चालन का?”

“चालेल की. तुमच्याच हातानं व्हायचंय.”

त्यानं दोन्हीकडं जमिनीपासून तीन बोटं वर रबर धरलं, ट्रेलरवर खडूनं खुणा केल्या. डावा फ्लॅप बसवून उजवीकडं आला, तर खडूची खूण दोन बोटं खाली आलेली.

“अरे? आता तं बरोबर होतं. पाण्याचं पिंप आहे का आत? सरकलं असन.”

चारुशीलाबाईंचे ओठ हलत होते. जप चालला असावा.

त्यानं पुन्हा खूण केली. तेवढ्यात एक मोटारसायकल जीपला आडवी येऊन थांबली. तिशीतला, नीटनेटका माणूस उतरला.

“आई! फोन का उचलत नाहीस? पंपावरच्यानं सांगितलं, तू इकडं वळलीस म्हणून.”

“गाडीत बसल्यावर मी फोन घेत नाही, रोहित.”

“चाललीस कुठं?”

“नर्मदेची ओटी भरायला. जाते म्हणून कालच बोलले होते.”

“मला वाटलं, नुसतं बोलतेस.” तो बोटात एक छोटी किल्ली गरगर फिरवत होता. “घरी श्वेता तापानं फणफणलीय आणि तुला नदी आठवतेय? एकटी आहे ती.”

“एकटी नाही ती.”

“कोण आहे तिच्याजवळ?”

“देव आहेत.”

रोहित हसला. “ऐकलं का भाऊ? सून आजारी, आणि सासूबाई देवावर सोडून निघाल्या.”

धम्मानंद मान खाली घालून नट आवळत राहिला. त्यालाही बाईंचं असं निघणं पटलं नव्हतं.

रोहितनं जीपमध्ये हात घालून किल्ली काढली. “चल घरी. ट्रेलर राहू दे इथंच. आत काय काय भरलंयस, बघू तरी.” तो मागच्या दाराकडं आला.

“रोहित.” आवाज चढला नव्हता. “आत देव बसवलेत. सोवळ्याशिवाय शिवू नकोस.”

त्याचा हात तोरणापाशी थांबला. एवढा मोठा माणूस, पण देव्हाऱ्याजवळ ओरडा बसलेल्या पोरासारखा हात मागं आला. धम्मानंदला नवल वाटलं. आपण तर मघापासून त्याच दाराला टेकून बसलो होतो.

“संकल्प सोडलाय मी,” बाई म्हणाल्या. “मोडायचा असेल तर तू मोड. जे होईल ते तुझ्या माथी.”

मागून एक ट्रक चिखल उडवत गेला. रोहितनं रुमालानं पँट पुसली आणि जीपची किल्ली आईच्या हातावर टाकली.

“चार दिवसांत ये. श्वेताचं मी बघतो. झोपलीय, खोलीची किल्ली माझ्याकडंच आहे. आता ऑफिसातून सहालाच घरी जाईन.”

मोटारसायकल सदरच्या दिशेनं गेली. दिसेनाशी होईपर्यंत चारुशीलाबाई हलल्या नाहीत. मग त्यांनी कपाळाचा घाम पदरानं टिपला.

धम्मानंदनं शेवटचा नट आवळला. त्याला राहवलं नाही. “लहान तोंडी बोलतो काकू, राग नका मानू. पण पोरगी तापात पडली अन् तुम्ही तिले टाकून चालल्या? माह्या मायनं नसतं केलं असं.”

“बरोबर आहे तुमचं,” त्या हळूच म्हणाल्या. “आणखी आधीच निघायला हवं होतं.”

त्या जीपमध्ये बसल्या. जीप निघाली आणि चार पावलांवर उजवा फ्लॅप रस्त्याला घासला. धम्मानंदनं हात वर केला.

“थांबा, थांबा! सारं वजन उजवीकडं आलं. सामान मधात घ्या!”

चारुशीलाबाई उतरल्या. उजव्या खिडकीपाशी जाऊन त्यांनी काचेवर बोटानं हलकेच वाजवलं. पडदा सरकला. आतून एक हात काचेला टेकला. मनगटाभोवती निळा वळ होता.

“गेला तो. खोलीला दुसरी किल्ली आहे, हे त्याला ठाऊकच नाही. आता मधोमध झोप, श्वेता,” त्या म्हणाल्या. “पांढुर्ण्याला तुझ्या आईच्या दारात उठवते.”