निरोप जपून ठेवणारा ब्रोकर

मसाटच्या कारखान्यातली चार सॉफ्टवेअरं चार प्रोग्रॅमिंग भाषांतली; एकमेकांशी बोलायची नाहीत. त्यांच्यात निरोप पोचवणारा ब्रोकर, म्हणजे मधला प्रोग्रॅम, निवडायला मुंबईहून रोहन सर आले. त्यांनी निवडला तो सगळ्या भाषांशी जुळणारा, शिवाय समोरचा बंद असेल तर सुरू होईपर्यंत निरोप जपून ठेवणारा.

म्हणजे स्टोअरमध्ये गुजराती, मशीनवर हिंदी आणि गेटवर अहिराणी बोलून निरोप नेणाऱ्या कोंडाबाईंचं काम संपलं.

सरांनी दारातल्या बाईंना बोलावलं. "मावशी, इथे कोणी कोंडाबाई आहेत. त्यांना सांगा, एक तारखेपासून येऊ नका म्हणावं."

"ती जागेवर नाही, साहेब," कोंडाबाई म्हणाल्या. "आली म्हणजे सांगून देते."

सात महिने झाले. निरोप त्यांनी जपून ठेवला आहे.