उतारावरची रोझमेरी

फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा भाऊराव घाईघाईनं काळ्या फांद्या छाटत होते. बायकोनं, शैलानं, हौसेनं लावलेली रोझमेरी अंगणाच्या उतारभर गालिच्यासारखी पसरली होती. आता ती अर्धीअधिक जळून गेली होती.

ऑपरेशनला जाताना शैलानं बजावलं होतं, "माती वाळल्याशिवाय पाणी घालू नका, मुळं कुजतात. ती तुळस नव्हे." त्यांनी मान डोलावली होती. पण दवाखान्यातून घरी आलं की काही सुचायचंच नाही. आंघोळ, पूजा, तुळशीला पाणी, आणि मग नळी घेऊन ते उतारापाशी उभे राहायचे. डॉक्टर नुसतंच "बघू" म्हणाले, त्या दिवशी तर संध्याकाळीही.

मुलीचा हात धरून शैला आत आली आणि उतारापाशीच थांबली. भाऊरावांनी कात्री पाठीमागे लपवली.

"ऊन फार होतं यंदा," ते पुटपुटले.

ती मुलीच्या आधारानं सावकाश वाकली आणि तिनं मातीत बोट खुपसलं. बोट चिखलानं माखून वर आलं. ती त्याकडे बघतच राहिली.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "इतके घाबरला होतात?"