शेवटचं पान

पणदऱ्याचा गेणू वांग्यांना पाणी देता देता, कुणाचीही शिकवणी न लावता गणित शिकला आणि मॅट्रिकही झाला. इंदापूरकडच्या एका शाळेत गणिताच्या मास्तराची जागा निघाली, तसा तो धुतलेलं धोतर नेसून मुलाखतीला गेला. हेडमास्तर दामोदरपंतांनी पुस्तकातलं वर्गसमीकरण फळ्यावर उतरवलं: क्ष² − १४क्ष + ४८ = ०.

गेणूनं खडूला हातसुद्धा लावला नाही. "मुळं सा आन् आठ."

दामोदरपंतांनी पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचं उत्तर बघितलं आणि पोट धरून हसले. "सहा आणि नऊ. वांगी विका, गेणूराव!"

"सायेब, मुळांची बेरीज मधल्या आकड्याइतकी, चौदा यायला पायजे. सा आन् नऊ पंधरा व्हत्यात. छापणाऱ्याची चूक हाय."

"पुण्यात छापलेलं पुस्तक चुकलं, आणि पणदऱ्याचा वांगेवाला बरोबर? चला, निघा!"

मग त्यांचा भाचा आत आला. आकडेमोडीच्या भानगडीत न पडता त्या दिवट्यानं पाठ केलेलं "सहा आणि नऊ" म्हणून टाकलं, आणि मास्तर झाला.

दोन वर्षांनी बारामतीच्या बाजारात वांग्यांची पाटी खाली ठेवून गेणूनं त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती उघडली. शेवटच्या पानावर आता "सहा आणि आठ" होतं.

 

खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: 'ही चूक शोधून कळवल्याबद्दल विद्वान हेडमास्तर श्री. दामोदरपंत यांचे आभार.'